स्टँडवरून राहूला

मोटरसायकल शिकताना पडलेला माणूस घरी कधी खरं सांगत नाही. बायकोला सांगतो कुत्रं आडवं आलं, बापाला सांगतो रस्त्यावर वाळू होती, आणि मित्रांना तर काहीच सांगत नाही. पण गाडी नीट करायची तर मेस्तरीला खरं सांगावंच लागतं. आणि बबन मेस्तरीच्या गॅरेजला लागून माझं सीट कव्हरचं दुकान. मधे नुसता पत्रा! पत्र्यापलीकडचं ऐकू येतं, त्यात माझा काय दोष? असं ऐकून ऐकून एवढं साठलंय, की एखाद्या दुपारी हातात सुई धरून मी एकटाच हसत बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ह्याला ऊन लागलं वाटतं!"

वडगाव रासाईत नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची ही दोन दुकानं. पुढं भीमेवरचा पूल, पुलापलीकडं राहूचा रस्ता. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. पडतात मात्र दोन्हीकडची माणसं, त्यात भेदभाव नाही.

तर बबनची एक पद्धत आहे. नवशिक्याची पडलेली गाडी आली की तो पान्याला हात लावत नाही. आधी गाडी डबल स्टँडवर चढवतो, पडलेल्याला वर बसवतो आणि म्हणतो, "डोळं मीट. आन् राहूला जाऊन ये."

म्हणजे काय, तर इंजिन बंद, गाडी जागच्या जागी. माणसानं डोळे मिटून गाडी चालवायची. गिअर टाकायचे, ब्रेक दाबायचा आणि रस्त्यात काय काय येतंय ते मोठ्यानं बोलायचं. बबन समोर पोत्यावर बसून त्याचे हातपाय बघणार.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तर भडकलोच! म्हटलं, "अरे, गॅरेज हाय का ध्यानाचा वर्ग?"

बबन म्हणाला, "गाडी कुठं वाकली ती मला दिसतीय. माणूस कुठं वाकतोय, ते बघू दे की."

आता मला सवय झालीय. खरं सांगू? आवडतंच मला ते. दुपारची वेळ, नदीवरनं वारं येतंय, पलीकडं उसाचं पान सळसळतंय, आणि कुणीतरी डोळे मिटून म्हणतंय, "लिंबाचं झाड आलं... वळण आलं... आता पूल..." ऐकता ऐकता आपणही निघतो की हो त्याच्याबरोबर! माझ्या कितीतरी सीटांची शिलाई पुलावर जाऊन तिरकी झालेली आहे.

*

गुरुजींचं ऐका. शाळेतले गुरुजी, कडक माणूस. शाळेच्या फाटकातच सावकाश, अगदी व्यवस्थित आडवे झाले, तेही प्रार्थना चालू असताना!

स्टँडवर बसले. डोळे मिटले. वळण आलं की इंडिकेटर, पुढं बैलगाडी आली की हॉर्न. सगळं पुस्तकात असतं तसं. पूल ओलांडला, आणि म्हणाले, "इथं थांबून चहा घेऊ."

आम्हाला वाटलं, तेही डोळे मिटूनच घेतील. छे! गुरुजी खाली उतरले, समोरच्या हॉटेलात गेले, सावकाश चहा प्याले, परत येऊन गाडीवर बसले आणि डोळे मिटले.

बबन हळूच म्हणाला, "गुरुजी, चहा वडगावचा प्यालात का राहूचा?"

"राहूचा," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "वडगावच्या चहात एवढं आलं घालतात का?"

बिचारा हॉटेलवाला! तेव्हापासून तो चहात मूठभर आलं ठेचून घालतो आणि आमची तोंडं पोळतात.

*

आता आप्पा. आप्पांचं सगळ्यात जास्त सांगायचंय, पण एका दमात सांगण्यासारखे ते नाहीत.

आप्पा आमच्या गावचेच. पूर्वी मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पाऊस जवळ आला की परत. आता मेंढरं नाहीत. पोरांनी नदीवरनं पाइपलाइन आणली, कांदा लावला, ऊस लावला. पोरं एमआयडीसीत नोकरीला गेली आणि एक जुनी मोटरसायकल आप्पांच्या दारात उभी राहिली, बटणावर चालू होणारी.

एका सकाळी आप्पा ती ढकलत आले.

"मेस्तरी, पडली."

"कोण पडलं?"

"गाडी. म्या उभाच हाय."

आणि खरंच होतं ते! आप्पा गाडी इतकी हळू चालवायचे, की ती पडायला लागली की ते नुसते बाजूला उतरून उभे राहायचे आणि पडताना तिच्याकडं बघायचे. क्लचचा लिवर वाकलेला, डावा आरसा फिरलेला, डावीकडचं फुटरेस्ट आत गेलेलं. उजवी बाजू कोरी करकरीत.

बबन म्हणाला, "आप्पा, ह्या वयात कशाला नाद?"

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं गाडीची टाकी पुसली. मग म्हणाले, "हिला राहूला न्यायचीय. भाऊबीजेला."

ही म्हणजे आप्पांची बायको, ठकूमावशी. राहू मावशीचं माहेर. तिथं धाकटा भाऊ, भिवा. दरसाल भाऊबीजेला भिवा चालत नदी ओलांडून बहिणीकडं यायचा. औंदा त्याच्या अंगावरनं वारं गेलं आणि तो अंथरुणाला खिळला. घरातल्या माणसांनाही धड ओळखत नाही. नुसतं विचारतो, "ताई आली का?" इकडं ताईचे गुडघे गेलेले. जीपमधे बसली की तिला गाडी लागते, यष्टीत तर वास आला तरी उलटी. भाचा न्यायला आला होता मोटरसायकलवर, तर मावशीनं त्याला दारातनंच वाटेला लावलं, "जल्मभर ह्यांच्या मागनं चालले. जाईन तर ह्यांच्याच मागं बसून जाईन. तुझ्या त्या ईमानावर मी न्हाई बसायची!"

आता सांगा, आप्पांनी शिकायचं नाही तर काय करायचं?

बबननं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं, लिवर बदलला आणि सांगितलं, "बसा स्टँडवर. डोळं मिटा."

आप्पा उखडले. "उभ्या गाडीवर बसून फिरायला म्या काय खुळा हाय?" आणि गेले गाडी घेऊन.

*

केंदूरची शीतल इकडं सून म्हणून आली. फुलांचं शेत. झेंडूचे क्रेट मागं बांधून रस्त्यावर टेम्पोपर्यंत न्यायचे म्हणून गाडी शिकली. शिकवायला नवरा मागं बसायचा, विलास. स्वतः विलास चांगली चालवतो, पण मागं बसला की त्याचा जीव मुठीत! आणि शीतल नेमकी त्याच एका वळणावर पडायची. तसं बाकी कुठंही नाही.

बबननं दोघांनाही स्टँडवर बसवलं. पुढं शीतल, मागं विलास. शीतलनं डोळे मिटले आणि काय सुंदर बोलत होती म्हणून सांगू! "मळा लागला... झेंडूचा वास येतोय... धुकं हाय... पाटाचं पाणी रस्त्यावर आलंय, हळू घेते..." मी हातातली कात्री खाली ठेवली. मला खरोखर पायाला गार लागलं.

"आता वळण आलं," ती म्हणाली. "आन् आता हे न सांगता उतरतील बघा."

आम्ही मागं बघितलं. विलास खरंच उतरून टायरच्या ढिगाजवळ उभा होता!

चालत्या गाडीवरनं हा गडी भीतीनं हळूच उतरायचा आणि तोल जायचा तिचा. बबननं गाडीला काहीच केलं नाही. विलासला नुसतं म्हणाला, "तू आता घरी बसून फुलं तोड." शीतल त्यानंतर पडली नाही.

*

आप्पा पुन्हा आले. पुन्हा डावी बाजू. मग पुन्हा आले. पुन्हा डावीच!

आता बबन काही देव नाही, त्याचंही चुकतं. त्यानं क्लचची वायर सैल केली. फुटरेस्ट खाली घेतलं. शेवटी आप्पांना उभं करून टेपनं त्यांचे पाय मोजायला लागला.

"आप्पा, तुमचा डावा पाय आखूड हाय. म्हणून टेकत न्हाई."

मग काय, आप्पांचा पारा चढला! "आखूड? ह्या पायांनी कोकण उतरून आलोय, घाट चढून आलोय! तवा न्हाई आखूड पडला, आन् तुझ्या गॅरेजात आखूड पडला व्हय रं?"

मी पत्र्याआड तोंडात फडकं कोंबून हसत होतो. पण मग पत्र्याच्या फटीतनं आप्पांचं तोंड दिसलं. ते गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे होते, आणि दसरा तर होऊन गेला होता. माझं हसू जागच्या जागी विरलं.

*

रामसेवकचा किस्सा तसा किस्सा नाहीच. तरी सांगतो.

रामसेवक एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. उत्तरेकडचा, लांबचा. जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीला हळूच टेकवली. पुढचं मडगार्ड चेपलं, हेडलाइट आभाळाकडं.

बबनचं हिंदी म्हणजे आनंदच. "बैठ. आँख मीट. राहू जाके आ."

रामसेवक निघाला. "पुल आ गया भैया... पुल पार..." मग गप्प. हात मात्र चालू होते, गिअर पडत होते. बराच वेळ गेला. समोरच्या वायरीवर बसलेले बगळे उडून गेले, सावली दुकानाच्या पायरीवर आली.

बबननं विचारलं, "राहू आया क्या रे?"

"राहू तो कब का निकल गया भैया।"

"फिर किधर पोहोचा?"

"घर के पास। कुएँ पर अम्मा खड़ी है।"

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला बोलू? बबन उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फिर उतर. मिल ले. गाडी मैं देखता है."

रामसेवक डोळे मिटूनच बसून राहिला. बबननं त्या दिवशी मडगार्डला हातोडी लावली नाही, अंगठ्यानं दाबून दाबून चेप काढला. आवाज होईल म्हणून.

*

भाऊबीज तोंडावर आली. आप्पा गाडी ढकलत आले, आणि या वेळी मागनं काठी टेकत, गुडघे धरत ठकूमावशीही आली. दगडावर बसली आणि म्हणाली, "बसा त्या गाडीवर. मेस्तरी म्हणतोय तसं करा."

आप्पा मुकाट्यानं बसले. सगळ्या गावाला सुनावणारे आप्पा!

डोळे मिटले. आणि बोलायला लागले ते भलतंच. "वढा आला... हितं पाणी पाजायचं... बाभळी आल्या... शेंगा खात्यात, खाऊ दे जरा..." आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. त्या रस्त्याला आता ना ओढा ना बाभळी. पेट्रोल पंप आहे, मंगल कार्यालय आहे. आप्पा निघाले होते ते त्यांच्या जुन्या रस्त्यानं!

"आता वळायचं," आप्पा म्हणाले. आणि त्यांचा उजवा हात हँडलवरनं सुटला, वर गेला, काठी धरल्यासारखा. "हुर्र्र! हुर्र्र हे!"

मी एवढ्यानं हसलो की पत्रा वाजला. बबन हसला नाही. तो पोत्यावरनं उठून उभाच राहिला. सापडलं होतं त्याला! वळण आलं की आप्पांचा उजवा हात मेंढरं वळवायला वर जायचा. रेस बंद व्हायची, डाव्या हातानं हँडल डावीकडं ओढलं जायचं आणि गाडी डाव्या अंगावर निजायची.

बबननं हळूच विचारलं, "आप्पा, मेंढरं कुठंयत?"

"हायेत की," आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "पुढं चालल्यात."

तेवढ्यात माझं लक्ष दगडाकडं गेलं. ठकूमावशीचे डोळेही मिटलेले होते, आणि तिचाही हात वर होता. डावा. मावशी डावरी आहे. कळपाच्या एका अंगानं आप्पा चालायचे, काठी उजव्या हातात. दुसऱ्या अंगानं मावशी, काठी डाव्या हातात. मधनं मेंढरं.

त्या दुपारी आमच्या दोन दुकानांमधनं कळपच्या कळप निघून गेला, आणि धूळसुद्धा उडाली नाही.

*

रोग सापडला, पण औषध कुठंय? बबननं सांगितलं, "आप्पा, हात सोडायचा न्हाई." आप्पा म्हणाले, "म्या कुठं सोडतोय? त्योच सुटतोय." बबननं त्यांचा हात रुमालानं हँडलला हळूच गुंडाळला. आप्पांनी वेशीपर्यंत जाऊन रुमाल फेकून दिला. "हात बांधून मेंढरं राखत्यात व्हय?"

शेवटी मावशीच वैतागली. "अवो, हात म्या करीन वर! तुम्ही नुसती गाडी धरा!"

मग त्या दोघांना स्टँडवर बसवलं. आप्पा पुढं, मावशी मागं. पण मावशी रेक्झिनवरनं घसरायला लागली. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यानं काय साबण लावून शिवलंय का?" माझ्या सीटला! आजवर कुणाची छाती झाली नव्हती! मी काहीतरी फाडकन बोलणार होतो, तेवढ्यात तिनं पिशवीतनं जुन्या घोंगडीचा तुकडा काढला. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचा. म्हणाली, "हे लाव मागच्या सीटला. ह्याच्यावर नीज लागती मला, तर बूड बी ठरंल."

मी शिवलं. दोन सुया मोडल्या, शिव्या घालत घालत शिवलं, पण झकास शिवलं. माझं काम होईपर्यंत मावशी गाडीभोवती फिरत होती. एकेका दांड्यावर बोट ठेवून बबनला विचारत होती, "ह्यो कशाचा? आन् ह्यो? ह्यो दाबला की काय हुतं?" बबन सगळं नीट सांगत होता. म्हातारीला भीती वाटत असेल, असं आम्हाला वाटलं.

*

भाऊबीजेच्या सकाळी नदीवर एवढं धुकं होतं की पूल अर्धाच दिसत होता. मी लवकर दुकान उघडलं होतं. काम काही नव्हतं. बबनही असाच रिकामा झाडू मारत होता.

लांबनं गाडीचा आवाज आला, मेंढरं चालतील त्या चालीनं. आप्पांनी नवा फेटा बांधलेला. मागं घोंगडीवर मावशी, मांडीवर फडक्यात बांधलेलं ओवाळणीचं ताट. आमच्यासमोर वळण आलं, मावशीचा डावा हात वर गेला आणि ती ओरडली, "हुर्र्र! हुर्र्र हे!"

उसाचा ट्रॅक्टर होता तिथंच थांबला. कुत्रं उठून बाजूला झालं. गुरुजी हॉटेलातनं कप घेऊन बाहेर आले. आप्पांचे दोन्ही हात हँडलवर! दोन्ही!

गाडी पुलावर गेली, धुक्यात शिरली, फेटा दिसेनासा झाला. नुसतं "हुर्र्र" ऐकू येत राहिलं. मी बबनकडं बघितलं तर तो झाडू धरून डोळे मिटून उभा. मी त्याला हाक मारली नाही. जाऊ दे, म्हटलं, येईल राहूला जाऊन.

*

दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच गाडी ढकलत आले. बबन हातातला पाना टाकून धावला.

"मावशी कुठाय? लागलं न्हाई ना?"

"तिला काय लागतंय! भाकरी थापतीय. आन् एकटीच हसतीय."

"भिवानं वळखलं का?"

आप्पा दगडावर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. "वळखलं. हिनं ववाळलं, तर म्हणाला, ताई, एवढी चालत आलीस? ही म्हणली, न्हाई रं, ह्यांनी गाडीवर आणलं. तर हसला. लई दिसांनी हसला म्हणं." एवढं बोलून ते नदीकडं बघत बसले. बबननं डोळे पुसले आणि ग्रीसचा हात तोंडाला लावून घेतला.

मग तो सवयीनं गाडीच्या डाव्या बाजूला गेला. क्लचचा लिवर सरळ. आरसा जागेवर. फुटरेस्ट ठीक. काहीच नाही! उजवीकडं आला आणि थांबला. ब्रेकचा लिवर वाकलेला, उजवा आरसा फिरलेला, सायलेन्सरला ओरखडा.

"आप्पा," बबन म्हणाला, "ही बाजू कशी पडली? ही बाजू पडायची तर डावा हात सुटायला पाहिजे."

आप्पांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. काखेतनं घोंगडीचा आणखी एक तुकडा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"हे पुढच्या सीटला शिव."

मी म्हटलं, "का हो आप्पा? एवढे दिवस रेक्झिन चाललं, आणि आता तुम्हाला काय रुतायला लागलं?"

"मला कशाला?" आप्पा म्हणाले. "म्या आता मागं बसतोय."